दोस्ताची फौज आणि आपली तयारी

१८०२ च्या नोव्हेंबरात मराठी राज्याचा पेशवा महाडात मुक्कामाला होता. २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या मैदानात पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पुरता मोड केला होता. दुसरा बाजीराव पुण्यातून सिंहगडाकडे निघाला आणि तिथून सह्याद्री उतरून रायगड-महाडच्या आसऱ्याला आला. महाडातून त्याने मुंबईकर इंग्रजांकडे जहाजे मागितली. होळकरांचे लोक कोकणात उतरू लागले तसा तो किनाऱ्यावर सुवर्णदुर्गाकडे सरकला, पुढे इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तैनाती फौजेच्या तहाला बांधला गेला.

हा तह वसईच्या नावाने ओळखला जातो. पण राज्याच्या रक्षणाचे काम परक्या फौजेवर सोपवायचे, हे मनाने महाडच्या मुक्कामातच ठरले होते, असे मला वाटते. तिथून उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर रायगड आहे आणि पूर्वेला पोलादपूरच्या डोक्यावर प्रतापगड. ज्या मुलखात एका राजाने स्वतःच्या बळावर उभे राहण्याची व्यवस्था घडवली, त्याच मुलखात सव्वाशे वर्षांनी त्या राज्याच्या प्रधानाला दुसऱ्याच्या बळाची याचना करावी लागली. या दोन टोकांच्या मध्ये काय झाले, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय जुना असला तरी निमित्त आजचे आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष हल्ला केला आणि श्रीमंत, सुशिक्षित, उद्योगसंपन्न युरोपला एक प्रश्न पडला. अमेरिका उद्या आली नाही, तर आपण किती दिवस लढू शकू? त्या प्रश्नावरच्या चर्चा वाचताना मला महाड-पोलादपूरचे, सावित्री नदीचे खोरे पुन्हा पुन्हा आठवत राहिले. मराठी वाचकाने ही चर्चा दूरच्या खंडातली भानगड म्हणून वाचू नये. दोस्ताच्या फौजेवर विसंबणे म्हणजे काय, हे त्याच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या भोगले आहे, आणि त्याच्या खुणा महाड-पोलादपुरात जागोजाग आहेत.

ही कथा १८०२ पासून सांगितली तर अर्धी राहते. सावित्री पोलादपूर, महाड ओलांडून पश्चिमेला जाते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते. ते बाणकोट १७५६ पासून इंग्रजांकडे होते, आणि त्यांनी ते मराठ्यांशी लढून घेतलेले नव्हते. नानासाहेब पेशव्यांना आपलेच आरमारी सरदार तुळाजी आंग्रे यांचा बंदोबस्त करायचा होता. त्यासाठी त्यांनी मुंबईकर इंग्रजांचे आरमार सोबतीला घेतले. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग पाडाव केला आणि आंग्र्यांचे आरमार तिथेच जळून गेले. विजयदुर्ग पेशव्यांना परत मिळाला, त्याच्या बदल्यात बाणकोट इंग्रजांना गेले.

त्या घटकेला हा सौदा फायद्याचाच दिसला असणार. डोईजड झालेला सरदार नरम झाला, किल्ले हाती आले. पण कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारी एकमेव मराठी ताकद मराठ्यांच्याच दोस्ताने, मराठ्यांच्याच संमतीने नाहीशी केली. आरमार एका मोहिमेत बुडवता येते. ते पुन्हा उभारायला सुतार, तांडेल, खलाशी, गोदी आणि पैसा लागतो, पिढी लागते. म्हणूनच १८०२ मध्ये पेशवा सुवर्णदुर्गाला पोचला, तेव्हा त्याला सुखरूप नेऊ शकेल असे जहाज किनाऱ्यावर एकाच सत्तेकडे होते.

महाडचा संबंध त्याआधीही आला होता. १७९६ मध्ये सवाई माधवरावांनंतरच्या वारशाच्या झगड्यात नाना फडणीस पुण्याहून निघून महाडला येऊन राहिले. इथूनच त्यांनी सूत्रे हलवली आणि ऑक्टोबरात निजामाशी करार केला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवून जे मिळवले होते, त्यातले बरेचसे या करारात परत देण्याचे कबूल झाले. सारी मराठी फौज एका निशाणाखाली लढल्याचा तो अखेरचा मोठा विजय, आणि त्याची कमाई पुण्याच्या गादीवर कोण बसणार या हिशेबात खर्ची पडली. बाजीराव गादीवर आला तो शिंदे, निजाम, नाना यांच्या देवाणघेवाणीतून. त्याच्या स्वतःच्या हुजुरातीत, म्हणजे खास फौजेत, त्याला टिकवून धरण्याचे बळ नव्हते. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले आणि ही देवाणघेवाण सांभाळणारा हातही गेला. आधी शिंद्यांच्या पलटणींवर, मग इंग्रजांच्या पलटणींवर, असा परावलंबनाचा मालक फक्त बदलला.

वसईच्या तहातली कलमे मी पुस्तकात सविस्तर घेतली आहेत. इथे त्यांचा सारांश पुरे. इंग्रजांच्या किमान सहा हजार कवायती पायदळाने तोफखान्यासह पेशव्यांच्या मुलखात कायम राहायचे. त्यांच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या कोणत्याही युरोपीय माणसाला चाकरीत ठेवायचे नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादात इंग्रजांचा निवाडा मानायचा. इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत.

पहिली दोन कलमे फौजेची आणि पैशाची आहेत. उरलेली सारी निर्णयाची आहेत. रक्षण विकत घेणाऱ्याने लढाई करण्याचा हक्क दिला, आणि पाठोपाठ तह करण्याचा, वाद मिटवण्याचा, आपली माणसे निवडण्याचा हक्कही दिला. मे १८०३ मध्ये बाजीराव इंग्रजांच्या संगिनींच्या पहाऱ्यात पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. त्याच वर्षी असई आणि आडगावच्या लढायांत शिंदे आणि नागपूरकर भोसले हरले. पेशव्याच्या रक्षणासाठी म्हणून आलेली फौज पेशव्याच्याच सरदारांना मोडायला निघाली, आणि पेशव्याला ते थांबवता येईना.

शिंद्यांकडे तर तयारी होती, असे कोणी म्हणेल. डी बॉयनने उभारलेल्या त्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा हिंदुस्थानात नावाजलेल्या होत्या. असईला त्या तोफांनी इंग्रजांची जबर हानी केली. पण पलटणींचे वरिष्ठ अधिकारी युरोपीय होते. १८०३ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रजांनी आपल्या प्रजेतल्या अधिकाऱ्यांना शिंद्यांची चाकरी सोडायला सांगितले आणि अनेकांनी ती सोडली. सेनापती पेरॉनही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शिपाई आपले, तोफा आपल्या, पण ते यंत्र चालवण्याची विद्या भाड्याची. ऐन वेळी ती उठून गेली. तयारी मोजताना नुसती तोफांची गणती करून भागत नाही, हे शिकवणारा याहून कठोर प्रसंग आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

आता त्याच खोऱ्याचे दुसरे टोक पाहू. १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्याच वर्षी रायरीचा डोंगर चंद्रराव मोऱ्यांकडून त्यांच्याकडे आला. पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखान त्या गडाच्या पायथ्याशी आला, तेव्हा खानाला नेमके याच जंगलात उतरायला लावणे शक्य झाले ते आधीच्या तीन वर्षांतल्या कामामुळे. वाटा ठाऊक होत्या, माणसे जोडलेली होती, गडावर धान्य आणि दारूगोळा होता. भेटीचा दिवस आपल्या लक्षात राहतो. मला त्या दिवसामागची तीन वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात.

रायगडाभोवती लिंगाणा, मंगळगड म्हणजेच कांगोरी, चंद्रगड, सोनगड, प्रतापगड अशी गडांची साखळी आहे. घाटवाटा आणि खाडीकडची वाट अशा दोन्हींवर लक्ष ठेवणारी ही रचना आहे. गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस अशी कामाची वाटणी होती. एकाच माणसाच्या फितुरीने गड जाऊ नये, ही त्यामागची दक्षता. शिपायाला वतनाऐवजी शक्यतो रोख पगार, म्हणजे त्याची निष्ठा राज्याशी. पोलादपूरजवळच्या उमरठचे तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर पडले. त्यांचा पराक्रम आपण गातो, पण असा सुभेदार आणि त्याच्यामागे चढून जाणारे मावळे घडवणारी व्यवस्था पराक्रमाइतकीच मोठी होती.

या व्यवस्थेत दोस्तांना जागा नव्हती, असे मुळीच नाही. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला होता. त्याच्याशी व्यापाराचा करार झाला. किनाऱ्याला लागलेली फुटकी जहाजे परत देण्याचे कलम मात्र महाराजांनी मानले नाही. करार करायचा, पण कुठल्या कलमाला नाही म्हणायचे ते आपण ठरवायचे. १६७७ च्या दक्षिण मोहिमेसाठी गोवळकोंड्याच्या कुतुबशहाकडून त्यांनी पैसा आणि तोफखान्याची मदत घेतली. त्या मोहिमेत जिंजी आणि वेल्लोरच्या बाजूचा मुलूख आला आणि त्यांनी तो स्वतःच्या कारभाराखाली बांधून काढला. १६८९ च्या एप्रिलमध्ये मोगलांचा वेढा पडत असताना राजाराम महाराज रायगडावरून निसटले, प्रतापगडमार्गे पुढे जिंजीला पोचले, आणि रायगड त्याच वर्षी पडला तरी राज्य पडले नाही. दोस्ताच्या पैशातून उभी राहिलेली दुसरी फळी बारा वर्षांनी कामाला आली.

महाराजांनीही दोस्त केले आणि बाजीरावानेही केला. एकाच्या दोस्तीने स्वतःची ताकद वाढली, दुसऱ्याच्या दोस्तीने ती उरली नाही. या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे. दोस्ती वाईट नाही. दोस्तीच्या भरवशावर आपली तयारी मोडीत काढणे घातक आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीयांविषयी, सावध केले आहे. त्यांचे खरे बळ आरमार आणि दारूगोळा हे आहे, म्हणून त्यांना किनाऱ्यावर पक्के ठाणे मिळू देऊ नये, असा त्याचा रोख आहे. तो ग्रंथ लिहिला गेल्यावर चाळीसेक वर्षांत बाणकोट दिले गेले.

या खोऱ्याचा युरोपशी आणखी एक संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवडे या गावातून पहिल्या महायुद्धात शंभराहून अधिक जण गेले. कोकणातली मुले ज्या मराठा पलटणींत भरती होत, त्यांतल्या तीन पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेला शरण जावे लागले. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युरोपच्या सुटकेत रायगड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांचा वाटा आहे. युरोपचे रक्षण दुसऱ्यांनी करण्याची गोष्ट १९४९ च्या नाटो करारापासून सुरू झाली नाही. त्याआधी ते काम वसाहतींतले शिपाई करत होते.

याच मुलखाने फौजेबद्दल आणखी एक प्रश्न विचारला. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त फौजी. कंपनीच्या काळापासून पलटणींत लढलेल्या महारांची भरती इंग्रज सरकारने बंद केली, तेव्हा त्यांनी १८९४ मध्ये तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. रक्षणाच्या कामातून जो समाज आपल्याच लोकांना वगळतो, त्याला उसने शिपाई शोधावे लागतात. आज युरोपात सक्तीच्या लष्करी सेवेवर जो वाद चालला आहे, त्याच्या मुळाशीही हेच आहे: रांगेत कोण उभे राहणार?

आता त्या युरोपकडे वळू. ४ एप्रिल १९४९ रोजी नाटो करार झाला. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला, हे त्याचे पाचवे कलम. ते आजवर एकदाच लागू झाले, २००१ मध्ये, आणि तेही अमेरिकेसाठी. डेन्मार्कसारख्या छोट्या देशाचे चाळीसहून अधिक सैनिक अफगाणिस्तानात मेले. युरोपने स्वतःची एकत्रित सेना उभारण्याची योजना आखली होती, पण ऑगस्ट १९५४ मध्ये फ्रान्सच्या संसदेनेच ती बारगळवली. शीतयुद्ध संपल्यावर खर्च आटला. एकेकाळी पश्चिम जर्मनीकडे पाच लाखांच्या जवळपास सैनिक होते. आज एकत्र जर्मनीकडे सुमारे एक लाख ऐंशी हजार आहेत. २०११ मध्ये तिथली सक्तीची भरती थांबवली गेली. युक्रेनला मार्च २०२४ पर्यंत दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन युरोपीय संघाने दिले आणि त्या मुदतीत जेमतेम निम्मे पोचले. पैसा होता, इच्छाही होती; गोळे बनवणारे कारखानेच पुरेसे उरले नव्हते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने काही दिवस युक्रेनला गुप्त माहिती देणे थांबवले, तेव्हा उपग्रहांवरून मिळणाऱ्या नजरेसाठी सारा खंड कुणावर विसंबून आहे हे उघडे पडले. १८०३ मध्ये शिंद्यांच्या पलटणींतून अधिकारी उठून गेले, त्याचीच ही आजची आवृत्ती आहे.

युरोप हातावर हात ठेवून बसलेला नाही. जर्मनीने २०२२ मध्ये १०० अब्ज युरोचा खास निधी उभारला. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत आले. जून २०२५ मध्ये हेगच्या परिषदेत सदस्यांनी २०३५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के संरक्षणावर आणि त्याच्याशी निगडित कामांवर खर्चण्याचे ठरवले. यांतले फिनलंडचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशाने सक्तीची लष्करी सेवा कधीच सोडली नाही. युद्धकाळात २ लाख ८० हजारांची फौज उभी करण्याची त्याची योजना आहे, आणि शहरांखाली नागरिकांसाठी निवारे बांधलेले आहेत. दोस्तांच्या गोटात जाताना हा देश रिकाम्या हातांनी गेला नाही, म्हणून तिथे त्याच्या शब्दाला वजन आहे.

तुलना करताना प्रामाणिक राहिले पाहिजे. नाटो ही तैनाती फौज नाही. तिथे निर्णय सर्वांच्या संमतीने होतात, मुलूख तोडून द्यावा लागत नाही, आणि बाहेर पडायची वाट खुली आहे. १९६६ मध्ये फ्रान्स लष्करी रचनेतून बाहेर पडला आणि २००९ मध्ये परतला. तुलना करारांची नाही, सवयीची आहे. कोणी तरी येईल या भरवशावर कारखाना बंद होतो, गोदाम रिकामे होते, तरुण दुसऱ्या कामाला लागतो, आणि मग निर्णय घेण्याची हिंमतही हळूहळू आटते.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्या भागात बाणकोट ते वसई हा उतार आहे. दुसऱ्यात शिवकालीन गडांची आणि फौजेची व्यवस्था तपशिलाने दिली आहे. तिसरा भाग कोकणच्या फौजी गावांचा, चौथा १९४९ पासूनच्या युरोपचा. वाचकाने प्रत्येक भागात चार प्रश्न सोबत ठेवावेत. शिपायाला पगार कोण देतो? दारूगोळा कुठे बनतो? हत्यार चालवण्याची विद्या कुणाकडे आहे? आणि दोस्ताला नाही म्हणण्याची मोकळीक उरली आहे का? हे प्रश्न रायगडाला, पुण्याला, बर्लिनला आणि वॉर्साला सारखेच लागू पडतात.

दिल्लीलाही लागू पडतात. २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले की आपल्या सैन्याच्या दारूगोळ्याच्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणार नव्हता. युरोपकडे बोट दाखवताना हे विसरू नये.

१८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या तोफांनी रायगड घेतला. गडावर तेव्हा बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती. तट तोच होता, कडे तेच होते. गडामागे उभी राहणारी व्यवस्था उरली नव्हती. त्यानंतर महिन्याभरात बाजीराव इंग्रजांच्या माल्कमला शरण गेला आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला. सोळा वर्षांपूर्वी त्याने जे रक्षण मागितले होते, ते त्याला मिळाले; राज्य गेले. कोणत्याही देशाने दोस्ताशी करार करताना या हिशेबातली दोन्ही बाजूंची रक्कम वाचावी, एवढ्यासाठी मी हे पुस्तक लिहिले आहे.